आठशे चोवीस बैठका

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी डॉ. मृदुला नेहेतेला कळलं, की तिची पाच पूर्णांक सहा दशांश वर्षं गेलेली आहेत.

अहवाल सतरा पानांचा होता. यंत्र अभियांत्रिकी विभागातल्या आपल्या खोलीत, कूलरच्या घरघरीत, तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मुलगा लहान असताना गेलेलं एक वर्ष आणि वर थोडं. सासऱ्यांच्या पक्षाघाताचे सात महिने. प्रयोगशाळेला जागा मिळायला झालेला उशीर. आणि सगळ्यांत मोठा आकडा, एकूण नुकसानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, 'महिला सुरक्षा व सुविधा उपसमिती' या नावासमोर. शेवटच्या पानावर, ही वर्षं गेली नसती तर तिने जे शोधनिबंध लिहिले असते त्यांची संभाव्य शीर्षकं दिलेली होती. एकतीस. काही चांगली होती.

एकोणपन्नासाव्या वर्षी हे वाचून आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं तिच्या मनात आलं. राग, निदान हळहळ. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग उरलेला चहा प्यायली, कप विसळला आणि तिसऱ्या वर्षाच्या वर्गावर गेली.

अहवाल तयार करणाऱ्या प्रणालीचं नाव होतं 'समांतर'. विद्यापीठाने ती दोन वर्षांपूर्वी आणली, कारण त्याआधीचे सगळे उपाय करून झाले होते. मार्गदर्शन कार्यशाळा झाल्या, महिला दिनाला सत्कार झाले, पाळणाघराचं दोनदा भूमिपूजन झालं. तरी २०३९ साल उजाडलं तेव्हा विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या एकशे सहा वरिष्ठ प्राध्यापकांत स्त्रिया होत्या चार.

समांतरमागची कल्पना सोपी होती. जगभरातल्या चाळीस लाख संशोधकांची कामाची आयुष्यं त्याने अभ्यासली होती: दिनदर्शिका, हजेरी, उपकरणांच्या नोंदी, बैठकांची इतिवृत्तं, निबंध. माणसाला सलग तीन तास मिळाले तर त्यातून काय निघतं आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे मिळाले तर काय, हे त्याला ठाऊक होतं. प्रत्येक प्राध्यापिकेच्या नोंदींवरून ते तिचं एक जुळं तयार करी. मग जुळ्याच्या वाटेतला एकेक अडथळा काढून तेच आयुष्य दहा हजार वेळा चालवून बघे. जुळं सरासरीने जिथे पोचलं आणि ती स्वतः जिथे पोचली, त्यांतलं अंतर म्हणजे तिची 'उणी वर्षं'. पाच किंवा जास्त भरली, तर अर्ज करणारीला मुलाखतीशिवाय वरिष्ठ प्राध्यापकपद आणि स्वतंत्र प्रयोगशाळा. फक्त अहवालाखाली सही करायची: 'वरील नोंदी माझ्या माहितीप्रमाणे खऱ्या आहेत.'

सहीची मुदत शुक्रवारी पाच वाजेपर्यंत होती.

बुधवारी समसंधी कक्षाची प्रमुख डॉ. अनुजा कीर्तने स्वतः चालत आली. चौतीस वर्षांची, पुण्याहून नव्याने आलेली, खानदेशातलं ऊन अजून अंगवळणी न पडलेली.

"सही दिसली नाही मॅडम, म्हणून आले. काय हो हे ऊन! मला सगळे म्हणाले होते, मे महिना बघा. हा तर एप्रिलच आहे."

"मेमध्ये सवय होते," मृदुला म्हणाली.

अनुजा खुर्चीच्या कडेवर बसली. "मी तुमच्या उपसमितीची इतिवृत्तं वाचली. सगळी. म्हणजे आधी समांतरने वाचली, पण नंतर मीही. आठशे चोवीस बैठका! अकरा वर्षं, दर मंगळवार-शुक्रवार, दोन ते पाच. आणि एकही शिफारस कुणी मनावर घेतली नाही. मला रडू आलं, खरंच."

मृदुलाने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"पण आता बघा. २०३४ची तुमची शिफारस, कार्यशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह. गेल्या महिन्यात झालं. पाहिलंत?"

"पाहिलं. आरसा चांगला आहे."

"मग सही?"

"बघते," मृदुला म्हणाली.

ती उपसमिती एकदाही भरली नव्हती.

२०३० साली यंत्र अभियांत्रिकीत मृदुला ही एकटी स्त्री होती आणि गणितात रेहाना तडवी. नियम चांगल्या हेतूनेच केलेला होता: प्रत्येक समितीवर एक तरी महिला सदस्य हवी. समित्या एकोणीस, विभागात स्त्री एक. त्यातून वेळ उरला तर कोणी ना कोणी दार ढकली. पाहुणे आलेत, पुष्पगुच्छ द्यायला याल का? एक मुलगी रडतेय, जरा बोलता का? "मी काम करतेय" म्हटलं, तर माणसं "दोनच मिनिटं" म्हणत आत येत. पण दारावर 'बैठक चालू आहे' अशी पाटी असली, की कुलसचिवसुद्धा पाऊल न वाजवता परत फिरत. हे आधी रेहानाच्या लक्षात आलं.

"आपण एक समिती काढू," ती म्हणाली होती. "बायकांची. कोणी डोकावणार नाही. उलट घाबरतील."

कार्यशाळेच्या मागची ११४ क्रमांकाची खोली त्यांना मिळाली. खिडकीपलीकडे कुंपण आणि मग केळीची बाग. तिथे दार लावून दोघी काम करत. धातूत भेग वाढते तेव्हा तो अगदी बारीक आवाज करतो, कानाला न येणारा. तो टिपायचा मृदुलाने, आणि यंत्राच्या खडखडाटातून तो वेगळा काढायचं गणित रेहानाचं. आज कितीतरी वीजकेंद्रांत बॉयलरचे नळ नेहेते-तडवी पद्धतीने तपासतात; ती पद्धत त्या खोलीत जन्मली. पाचाला वीस मिनिटं कमी असताना रेहाना इतिवृत्त लिहायला घेई.

"आज कशाची शिफारस करू?"

"मागच्या खेपेला दिव्यांची झाली."

"मग आज स्वच्छतागृह. मला खरंच जायचंय ग."

कोणी वाचणार नव्हतंच. अकरा वर्षं कोणी वाचलं नाही. मग समांतरने वाचलं.

अनुजा गेल्यावर मृदुलाने पडताळणीचं पान उघडलं. तिथे एखादी नोंद बदलून, जतन न करता, आकडा काय होतो ते बघता येई. तिने आठशे चोवीस बैठका समितीच्या रकान्यातून उचलून संशोधनाच्या रकान्यात टाकल्या. आकडा चारच्या आसपास येईल असा तिचा अंदाज होता. आला २.९.

एवढी घसरण का, ते ती शोधत बसली, आणि सापडल्यावर तिने मान डोलावली. समांतर आपल्या जागी बरोबर होतं. ज्या तासांत काम झालं ते तास त्याला दिसलेच नव्हते. म्हणून त्याचा समज झाला होता, की ही बाई उरल्यासुरल्या तुकड्यांत एवढं करून जाते, म्हणजे हिचा एकेक तास फारच फळाचा. त्याच चढ्या मापाने त्याने बाकीचे गेलेले तास मोजले होते. मुलाचे, सासऱ्यांचे, सगळे.

याच बैठका रेहानाच्याही अहवालात होत्या. तिचा आकडा ५.९ होता, आणि तिला मार्चमध्ये पद मिळालं होतं.

रेहानाच्या नव्या प्रयोगशाळेला अजून रंगाचा वास होता. कोपऱ्यात दोन संशोधक मुली काम करत होत्या. रेहानाने मैत्रिणीचा चेहरा पाहिला आणि त्यांना चहाला पिटाळलं.

"तुझा साधारण तीन-एक येईल," मृदुला म्हणाली. "माझा दोन-नऊ."

रेहानाने चष्मा काढला. "कोणाला सांगितलंस?"

"तुला."

"मग झालं. अळीमिळी गुपचिळी. सही कर आणि येताना पेढे आण."

"खोटं आहे ते, रेहाना."

"काय खोटं आहे? आपल्याला काम करायला बैठकीचं सोंग काढावं लागलं. कोणत्या पुरुषाला लागलं? हे नुकसान नाही?"

"आहे. पण पाच-सहा वर्षं नाही."

"मग किती? सांग ना, किती?"

"माहीत नाही. समांतरमध्ये त्याला रकानाच नाही."

"रकाना नाही म्हणून शून्य धरायचं? वा ग माझी शास्त्रज्ञ!" रेहाना उठून खिडकीशी गेली. "तुमच्या विभागप्रमुख भंगाळे सरांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. पहिल्या तुकडीतल्या आम्हा तिघींचे अहवाल हवेत त्यांना. एक भोक सापडू दे, सगळी योजना बुडवतील. आणि ह्या माझ्या दोघी पोरी? माझं पद गेलं की त्यांची जागा गेली. तुला हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचंय ना, तुझा हात दाखव. माझा कशाला ओढतेस?"

"ओढत नाहीये. मला फक्त सही करता येत नाहीये."

रेहाना खिडकीपासून वळली. "तुला राग तरी येतो का ग कधी?"

मृदुलाने खरोखर विचार केला. "आठवत नाही," ती म्हणाली.

शुक्रवारी साडेचारला तिने अर्ज मागे घेतला. मिळायची ती प्रयोगशाळा तळमजल्यावर होती, रस्त्याचं कंपन पोचणार नाही अशा वेगळ्या जोत्यावर बांधलेली. तिथे पुलांच्या जाड तारांमधला आवाज ऐकता आला असता. तो प्रयोग ती बारा वर्षं मनात बाळगून होती.

कारण निवडल्याशिवाय पान पुढे जाईना. यादीत चार कारणं होती: आरोग्य, बदली, कौटुंबिक, नोंदीत चूक. शेवटच्या कारणाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की त्या नोंदीवर सह्या असलेल्या सर्वांचे अहवाल पुन्हा उघडले जातील. तिने 'कौटुंबिक' निवडलं. खोट्या आकड्यावर सही करण्यापेक्षा एक खोटा शब्द बरा, आणि तोही फक्त स्वतःबद्दलचा. असं काहीसं तिने मनाशी म्हटलं.

शनिवारी विभागप्रमुख भंगाळे सर जिन्यात भेटले. आवाज एकदम मऊ होता. "कळलं, नेहेते मॅडम. योग्य केलंत. शेवटी घर आहे म्हणून सगळं आहे. मी आमच्या हिलाही हेच सांगत असतो."

"हो," मृदुला म्हणाली आणि वर गेली.

तिच्या नवऱ्याला, शरदला, मात्र हे कळेना. "कौटुंबिक म्हणजे?" त्याने भाकरी मोडता मोडता विचारलं. "मुलगा बंगळुरात. आई-बाबा गेले. म्हणजे घरात कुटुंब म्हणून उरलो मी. मी काय केलं?"

"काही नाही केलंस."

"मग निदान काहीतरी करू द्यायचंस, नाव लावण्याआधी." तो हसला, आणि ती हसत नाही असं बघून थांबला. "मृदुला, तुला हवं होतं ना ते?"

"हवं होतं," ती म्हणाली. वाक्य बरोबर होतं. दुसऱ्या कोणाचं तरी वाचून दाखवल्यासारखं ते तिला ऐकू आलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात पल्लवी झोपे तिच्या दारात उभी राहिली. पल्लवी ही विभागातली दुसरी स्त्री, आठ वर्षांपूर्वी लागलेली, मोजकं बोलणारी.

"मॅडम, एक विचारू? माझा आकडा कमी कसा होतो? वर्षं गेली ती गेली ना? परत कशी आली?"

सहयोगी प्राध्यापकपदासाठी तीन उणी वर्षं लागत. पल्लवीची मार्चमध्ये ३.१ होती. आता २.७ दिसत होती.

मृदुलाने तिला शेजारी बसवून दोन्ही अहवाल ओळीने तपासले. नोंदी जशाच्या तशा होत्या. बदललं होतं ते जुळं. समांतर दर महिनाअखेर नव्या घटनांवरून पुन्हा शिकत असे. अशा विद्यापीठातली, यंत्र अभियांत्रिकीत इतक्या वर पोचलेली स्त्री, याची उदाहरणं त्याच्याकडे मुळात मूठभर. आणि नमुना लहान असला, की एकेक नोंद जड होते. एप्रिलमध्ये अशी एक स्त्री, पद समोर असताना, कौटुंबिक कारणाने मागे फिरली होती. म्हणून आता पल्लवीच्या जुळ्याच्या दहा हजार आयुष्यांपैकी काही हजारांत तेही ऐन वेळी मागे फिरत होतं. वाटेतले अडथळे काढले असते तरी ही फार पुढे गेली नसती, असा निष्कर्ष निघत होता.

"माझं काय चुकलं?" पल्लवीने विचारलं.

"तुझं नाही," मृदुला म्हणाली. "आठवडाभर थांब. कोणाला काही लिहू नकोस."

पल्लवी गेल्यावर ती बराच वेळ टेबलावर दोन्ही हात ठेवून बसली. मग तिने रेहानाला फोन केला. जवळजवळ महिनाभर त्या बोलल्या नव्हत्या. ११४ला कुलूप होतं.

"मी उद्या अकराला कीर्तनेकडे जातेय. नोंदीत चूक आहे म्हणून सांगणार आहे."

रेहाना म्हणाली, "पल्लवी."

"हो."

"माझ्याकडेही आली होती. तू मला विचारत नाहीयेस."

"नाही. सांगतेय."

"मग सांगून झालं," रेहाना म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अनुजाने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे ते स्वच्छतागृह..."

"ते हवंच होतं."

"मॅडम, मी कुलगुरूंसमोर ती इतिवृत्तं वाचून दाखवली. उभी राहून." तिचे कान लाल झाले होते. "भंगाळे सर आता याचं काय करतील, कल्पना आहे तुम्हाला? मग अकरा वर्षं तुम्ही दोघी त्या खोलीत दार लावून करत काय होतात?"

"काम," मृदुला म्हणाली.

अनुजाने संगणकाचा पडदा मृदुलाकडे वळवला. "प्रत्येक नोंद वेगळी दुरुस्त करावी लागेल. तारीख, त्या दिवशी खरं काय झालं ते एका ओळीत, आणि दोन्ही सदस्यांची, आपापल्या संगणकावरून, संमती. दुसरी संमती नसेल, तर चौकशी समितीपुढे ते नुसतं तुमचं एकटीचं म्हणणं ठरेल. माघारीचं कारण 'कौटुंबिक'च राहील, आणि पल्लवीचा आकडाही तसाच. आठशे चोवीस आहेत."

मृदुलाने पिशवीतून प्रयोगवह्या काढल्या आणि तारखेप्रमाणे रचल्या. "वाचा."

"पाच फेब्रुवारी २०३०."

"संवेदक बसवला. उलट्या बाजूने."

"आठ फेब्रुवारी."

"काढून पुन्हा बसवला."

"बारा फेब्रुवारी."

"काही झालं नाही. रेहानाला ताप होता, तरी आली होती."

असं चालू राहिलं. अनुजा वाचायची, मृदुला वही उघडून सांगायची, अनुजा लिहायची. संमतीचा पहिला रकाना भरत गेला, शेजारचा कोरा. शिपाई दोनदा पाणी ठेवून गेला. एक वाजून गेल्यावर कुणीतरी जेवायचं विचारायला आलं आणि दोघींकडे बघून परत गेलं.

"सोळा ऑगस्ट २०३३," अनुजाने वाचलं.

मृदुलाने पान उघडलं. त्यावर रेहानाच्या अक्षरात तीनच शब्द होते: आवाज वेगळा झाला. खाली वेळ, चार वाजून दहा मिनिटं.

"त्या दिवशी पहिल्यांदा भेगेचा आवाज वेगळा ऐकू आला," ती म्हणाली. "आम्ही ओरडलो. दोघी. शिपायाने दार वाजवलं, सगळं ठीक आहे ना म्हणून. रेहानाने दार बोटभर उघडलं आणि म्हणाली, काही नाही, बैठकीत मतभेद झालेत..."

पुढचं वाक्य येईना. ती पाणी प्यायली. वहीतल्या ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या होत्या. तिने चष्मा काढून पुसला, तरी त्या तशाच राहिल्या. अनुजा पडद्याकडे बघत बसली, तिला वेळ देत.

"मॅडम," ती एकदम म्हणाली.

पडद्यावर सगळ्यांत वरच्या नोंदीत, दुसऱ्या रकान्यात, संमतीची खूण आली होती. पाच फेब्रुवारी २०३०. खाली नाव: रे. तडवी. दोघी बघत असतानाच आठ फेब्रुवारीसमोर दुसरी आली. वर कोपऱ्यात रेहानाचा ५.९चा आकडा एकदा लुकलुकला आणि ५.८ झाला.

बारा फेब्रुवारीला खूण यायला जरा वेळ लागला. आली तेव्हा तिच्याबरोबर एक शेराही होता. अनुजाने तो मोठ्याने वाचला.

"'ताप नव्हता. कंटाळा आला होता.'" तिने मृदुलाकडे पाहिलं. "आता यातलं काय लिहू मी? ताप, की कंटाळा?"

"ती म्हणतेय तेच लिहा," मृदुला म्हणाली. डोळे पुसायचं तिने सोडून दिलं होतं. "पुढची तारीख?"